तुझी नऊ मिनिटं, माझी चार

अंदमानात हॅवलॉकजवळ (आता सरकारी नाव स्वराज द्वीप) दिवसातला दुसरा स्कूबा डायव्ह. खोली २६ मीटर. माझ्या मनगटावरचा कॉम्प्युटर म्हणत होता ४. शेजारी पोहणाऱ्या भाचीचा हात धरून तिचा पाहिला, तर तिथे ९. मी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'झकास' नव्हे, 'वर चला'. तिच्या कपाळावरची आठी मास्कमधूनही दिसली. बोटीत चढल्यावर रेग्युलेटर तोंडातून काढून तिचं पहिलं वाक्य: "मामा, माझी अजून नऊ मिनिटं शिल्लक होती. वर का आणलंस?"

बोटीवर मला धड उत्तर देता आलं नाही. एक तर भूक लागली होती, आणि दुसरं म्हणजे उत्तर एका वाक्याचं नव्हतं. पुण्याला परतल्यावर कोथरूडला तिच्या घरी, ताई ओट्याशी राजमा निवडत असताना, तो विषय पुन्हा निघाला. दोघांचे कॉम्प्युटर एकाच पाण्यात, एकाच खोलीवर, तेवढाच वेळ होते. मग आकडे वेगळे का? आणि खरा कुठला?

आधी ती मिनिटं कसली ते बघू. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा साधारण १ बार दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला आणखी १ बार वाढतो. म्हणजे ३० मीटरवर ४ बार. रेग्युलेटर हवा त्याच दाबाने देतो, नाहीतर छाती फुगणारच नाही. त्यामुळे तिथल्या एका श्वासात वरच्या चार श्वासांइतकी हवा कोंबलेली असते. त्यातला ऑक्सिजन शरीर वापरतं. नायट्रोजन, जो हवेत ७८ टक्के आहे, शरीराच्या काही कामाचा नाही. तो रक्तात विरघळतो आणि तिथून स्नायू, सांधे, चरबी अशा सगळीकडे मुरत जातो. वर येताना दाब उतरला की तो परत निघतो. सावकाश आलात तर निमूटपणे फुप्फुसांतून बाहेर पडतो. घाई केलीत तर जिथल्या तिथे बुडबुडे धरतो आणि सांधे दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. डिकम्प्रेशन सिकनेस म्हणतात ते हेच. वाटेत न थांबता थेट वर येता येईल अशी जितकी मिनिटं उरली आहेत, त्यांना डायव्हर 'नो-डेको टाइम' म्हणतात (डेको म्हणजे डिकम्प्रेशन, थांबत थांबत दाब उतरवणं). माझी ४ आणि तिची ९ ही तीच.

हे समजावताना सगळे सोड्याची बाटली फोडतात. पण बाटली फक्त शेवट सांगते. नायट्रोजन कुठे किती वेगाने भरला हे तिच्यात दिसत नाही. त्यासाठी ताईचा ओटाच बरा. पातळ पोहे पाण्याखालून काढले तरी भिजतात. साबुदाण्याला काही तास लागतात. राजमा रात्रभर ठेवावा लागतो. शरीराचंही तसंच आहे. ज्या भागात रक्त धो धो वाहतं ते पोहे. जिथे रक्त जेमतेम पोचतं तो राजमा. आणि जे लवकर भिजतं ते लवकर वाळतं, हळू भिजणारं हळूच वाळतं. खोल पण थोडक्यात आटोपलेल्या डायव्हमध्ये फक्त पोहे भिजतात आणि ते वर येता येता बरेचसे वाळतात. पण रोज तीन-तीन डायव्ह, चार दिवस लागोपाठ, असं केलं तर राजमाही फुगायला लागतो, आणि एका रात्रीत तो वाळत नाही. पहिल्या दिवशी चालून गेलेली गोष्ट चौथ्या दिवशी अंगाशी येते ती अशी.

हा भिजण्या-वाळण्याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला जॉन स्कॉट हाल्डेन यांनी, ब्रिटिश नौदलासाठी, १९०८ साली. त्यांनी शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवलं, मग वेगवेगळ्या तऱ्हेने दाब उतरवला आणि कोणती शेळी लंगडते ते पाहिलं. त्यावरून शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले: एक ५ मिनिटांत अर्धा भरणारा, मग १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांचे. काल्पनिक हा शब्द महत्त्वाचा. पाच मिनिटांचा कप्पा म्हणजे मेंदू आणि पंच्याहत्तरचा म्हणजे गुडघा, असं काही नाही. ती गणिताची सोय आहे. दाब एकदम निम्मा झाला तरी सहसा त्रास होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर यायची पद्धत त्यांनी घालून दिली. (त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन, तोही शास्त्रज्ञ, १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. बापलेक दोघेही स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायचे. घरात जेवताना काय गप्पा होत असतील कोण जाणे.)

त्या गणितातून पुढे छापील तक्ते आले. हौशी डायव्हरसाठी पॅडी या संस्थेने १९८८ मध्ये काढलेला तक्ता मी अजून बाळगतो. त्यात पहिल्या डायव्हला १२ मीटरवर १४७ मिनिटं, १८ मीटरवर ५६, ३० मीटरवर फक्त २०. नजर फिरवली तरी कळतं की खोली अडीचपट झाली तर वेळ सातवा हिस्सा उरतो. तक्त्याचा एकच जाच आहे. तो उक्तं भाडं लावतो. तुम्ही १८ मीटरला पाच मिनिटं डोकावलात आणि उरलेली चाळीस मिनिटं दहा मीटरवर कासवामागे घालवलीत, तरी तक्त्याच्या लेखी तुम्ही पूर्ण पंचेचाळीस मिनिटं अठरालाच होतात.

कॉम्प्युटर म्हणजे रिक्षाचं मीटर. त्याच्यात दाब मोजणारा सेन्सर आणि घड्याळ असतं. दर काही सेकंदांनी तो खोली बघतो, सगळ्या कप्प्यांचा हिशेब नव्याने करतो आणि जेवढे भिजलात तेवढंच भाडं लावतो. १९८३ मध्ये 'ऑर्का एज' नावाचं यंत्र बाजारात आलं आणि पुढच्या दशकभरात तक्ते मागे पडत गेले. आज बहुतेक कॉम्प्युटरांच्या पोटात झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान या डॉक्टरांचं गणित किंवा त्याचं एखादं भावंड असतं. त्यात कप्पे १६ आहेत, ४ मिनिटांपासून ६३५ मिनिटांपर्यंतचे. शेवटच्या कप्प्याला अर्धं भरायलाच साडेदहा तास. ब्यूलमान स्वित्झर्लंडचे, तिथली तळी डोंगरात, त्यामुळे उंचीवरच्या डायव्हिंगचा विचार त्यांनी पहिल्यापासून केला होता. पुणेकरांना याचा उपयोग आहे, त्याकडे शेवटी येतो.

मग माझे चार आणि तिचे नऊ का? कारण मीटर एकच असलं तरी दर वेगळे लावता येतात. प्रत्येक कप्प्यात किती नायट्रोजन घेऊन वर आलेलं चालेल याची ब्यूलमान यांनी एक रेघ मारली आहे. ती शंभर धरा. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मी सांगून ठेवलं आहे की मला शंभरापर्यंत जायचंच नाही, सत्तरला थांबव. भाचीचा कारखान्यातून आला तसाच होता, पंच्याऐंशीवर. सेटिंगमध्ये ३०/७० किंवा ४०/८५ अशी जोडी दिसते ना, तिला ग्रेडियंट फॅक्टर म्हणतात. त्यातला दुसरा आकडा म्हणजे पृष्ठभागावर पोचताना त्या रेघेच्या किती टक्क्यांपर्यंत जायची परवानगी आहे ते. काही कंपन्या आकडे न देता नुसतं 'सौम्य, मध्यम, कडक' असं विचारतात, तर काहींचं गणितच वेगळं आहे. रात्री बारानंतर रिक्षावाला जादा दर लावतो, तसा हा ज्याचा त्याचा जादा दर.

आणि मुळात ती शंभरची रेघही भिंत नव्हे. १९७० च्या दशकात डॉप्लर यंत्राने डायव्हरांच्या छातीतून आवाज ऐकले तेव्हा कळलं की काही त्रास नसलेल्या, नियम पाळून वर आलेल्या लोकांच्या रक्तातही बुडबुडे फिरत असतात. रेघेच्या अलीकडे धोका कमी, पलीकडे जास्त, एवढंच. ९९ ला सुखरूप आणि १०१ ला पांगळे, असं नसतं. त्यामुळे "खरा आकडा कुठला?" या भाचीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की दोन्ही आकडे कुणीतरी ठरवलेले आहेत. माझा मी ठरवला होता. तिचा एका अनोळखी इंजिनिअरने ठरवला होता आणि तिने तो विचारलाही नव्हता. दोघांचे आकडे वेगळे असले की कडक कॉम्प्युटरवाल्याचं ऐकायचं, ही डायव्हिंगमधली साधी रीत. म्हणून अंगठा.

त्या कॉम्प्युटरला काय माहीत नसतं तेही बघा. खोली आणि वेळ त्याला अचूक कळते. पण आदल्या रात्री तुम्ही चार तास झोपलात, सकाळपासून उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलंय, प्रवाहाविरुद्ध पाय मारून दम लागलाय, शेवटची दहा मिनिटं थंडीने कुडकुडताय, वजन दहा किलो वाढलंय, यातलं बहुतेक काही त्याच्या हिशेबात येत नाही. साधारण दर चार माणसांमागे एकाच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनचं एक छोटं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. त्यातून बुडबुडे फुप्फुसांना चुकवून थेट धमन्यांत जाऊ शकतात. तेही त्याला ठाऊक नसतं, आणि बहुतेकदा त्या माणसालाही नाही.

पण हे सगळं एक वेळ बाजूला ठेवू. माझ्या मते कॉम्प्युटरवर भिस्त ठेवणाऱ्यांची मोठी चूक वेगळीच आहे. मीटर भाडं सांगतं, खिशात किती आहेत ते सांगत नाही. आपला खिसा म्हणजे सिलिंडर.

गणित करून बघू. आपल्याकडे बोटीवर बहुधा ॲल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर मिळतो. २०० बारला भरलेला म्हणजे २,२०० लिटर हवा. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरू. ३० मीटरवर चौपट, म्हणजे ८०. आता वाईटात वाईट प्रसंग घ्या: तळाला असताना बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली. दोघं एकाच सिलिंडरवर, दोघंही घाबरलेले, म्हणून प्रत्येकी ३० लिटर, मिळून ६०. काय झालंय ते उमजायला तळाशी एक मिनिट: ६० गुणिले ४, २४० लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने ५ मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, वाटेतला सरासरी दाब पावणेतीन बार: जवळजवळ ५०० लिटर. मग ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (सक्तीचा नव्हे, खबरदारीचा थांबा), दीड बार: २७०. एकूण हजार लिटरच्या वर. ११ ने भागा, ९० बार.

म्हणजे ३० मीटरवर उतरताना २०० पैकी ९० बार माझे नाहीतच. ते बडीचे आहेत. उरले ११०, म्हणजे १,२१० लिटर, मिनिटाला ८० ने पंधरा मिनिटं. तक्ता २० मिनिटं देत होता. कॉम्प्युटरही त्याच्या आसपासचं काहीतरी दाखवेल. पण सिलिंडर म्हणतो, पंधरा. नायट्रोजनच्या आधी हवा संपते. आणि हा आकडा मनगटावर दिसत नाही, कारण साध्या कॉम्प्युटरचा सिलिंडरशी काही संबंधच नसतो. महागडे काही सिलिंडरचा दाब दाखवतात, पण बडीसाठी किती राखायचे ते तुम्हालाच ठरवावं लागतं. "पन्नास बारला बोटीवर परत" हे जे घोकवतात ते १० मीटरवर ठीक आहे. ३० वर पन्नास उरेपर्यंत थांबणं म्हणजे बडी नशिबावर सोडणं.

हे गणित मी भाचीला वहीत करून दाखवलं. ती आयटीतली. तिने दोन मिनिटांत त्याची शीट बनवली, आणि मग बराच वेळ गप्प होती. तिला आठवलं की २६ मीटरवर त्या क्षणी तिच्या सिलिंडरचा काटा नेमका कुठे होता.

कॉम्प्युटर मिळाल्यावर आणखी एक खोड लागते. नो-डेको टाइम १ वर आला की थोडं वर सरकायचं, तो ५ होतो. पुन्हा १ वर आला की पुन्हा थोडं वर. असं मिनिटं टांगत टांगत तासभर काढतात. यात नियम मोडत नाही. पण जो कप्पा भरत आला होता तो ढिला पडतो आणि मागचा हळू कप्पा भरतच राहतो, म्हणजे पोहे वाळतात, राजमा फुगतो. अशा डायव्हच्या शेवटी एकाच वेळी अनेक कप्पे काठोकाठ असतात. भांडं भरलेलंच ठेवायचं आणि सांडलं नाही म्हणून खूश व्हायचं, असला हा प्रकार.

शून्य झाला तर? कॉम्प्युटर 'डेको' दाखवतो आणि एक खोली सांगतो, बहुधा ३ मीटर, इतकी मिनिटं थांबा म्हणून. आता डोक्यावर एक न दिसणारं छत आहे. काहीही झालं तरी थेट वर जाता येत नाही. टेक्निकल डायव्हर मुद्दाम या छताखाली जातात, पण त्यांची तयारी वेगळी असते. कुठे किती मिनिटं थांबायचं हे घरीच काढून पाटीवर लिहिलेलं असतं. एकाला दोन कॉम्प्युटर असतात, जास्त ऑक्सिजनचे वेगळे सिलिंडर कमरेला असतात, आणि एखादं यंत्र मेलं तर काय करायचं हेही ठरलेलं असतं. नियोजित डिकम्प्रेशन म्हणतात ते हे. आपण पाठीवर एक सिलिंडर घेऊन, मासे बघण्याच्या नादात त्या छताखाली शिरतो तेव्हा ते नियोजन नसतं, नजरचूक असते. ती झालीच तर न घाबरता कॉम्प्युटर सांगेल तेवढं थांबायचं. ते न पाळता वर आलात तर बरेच कॉम्प्युटर रुसतात आणि २४ ते ४८ तास स्वतःला कुलूप लावतात. दुसऱ्या दिवशी मित्राचा कॉम्प्युटर उसना घेऊन उतरणारेही मी पाहिलेत. मित्राच्या मीटरला तुमचं कालचं भाडं माहीत नसतं, तेव्हा हे सर्वांत वाईट.

जुनी पिढी म्हणते कॉम्प्युटरने डायव्हरांची डोकी गंजली. नवी म्हणते तक्ते आता म्युझियममध्ये ठेवा. मोजायचं काम यंत्र माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतं, त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण कुठवर जायचं हे ठरवायची जागा बोटीचा कठडा आहे, २६ मीटरचा तळ नव्हे. तिथे डोकं अर्धंच चालतं, कारण दाबाखालचा नायट्रोजन थोडी झिंगही आणतो. म्हणून उडी मारण्याआधी मी पाटीवर तीन आकडे लिहितो: जास्तीत जास्त खोली, तळावरची मिनिटं, आणि किती बारला अंगठा. तिन्हींपैकी जो आधी येईल तो. कॉम्प्युटरने त्याच्याही आधी बोलावलं तर त्याचं ऐकायचं. तो जास्त वेळ देत असला तर ऐकायचं नाही. बॅटरी मध्येच गेली तरी पाटीवरचे आकडे जात नाहीत. अशा वेळी सावकाश वर यायचं, ५ मीटरवर थांबायचं आणि पुढचे २४ तास कोरडं राहायचं.

आता घाटाचं. आपले बहुतेक लोक डायव्हिंगला तारकर्ली-मालवणला जातात आणि रविवारी संध्याकाळी परत पुण्याला निघतात. विमानाआधी थांबायचं हे सगळ्यांना पाठ असतं. डॅन या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा: एक साधा डायव्ह केला असेल तर किमान १२ तास, अनेक किंवा अनेक दिवस केले असतील तर १८, डेको झाला असेल तर त्याहून बरंच जास्त. पण हा सल्ला विमानापुरता नाही, उंचीपुरता आहे, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असतो. तो साधारण ६०० मीटरपासून लागू होतो. पुणं सुमारे ५६० मीटरवर, म्हणजे जेमतेम खाली. पण आंबोलीवरून गेलात तर ती ६९० वर. आणि सोमवारी सुट्टी आहे म्हणून सिंहगड चढलात तर १,३०० च्या वर. राजमा अजून भिजलेला, आणि तुम्ही पिठलं-भाकरीसाठी दाब उतरवताय.

घाबरवायचं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे पर्यटकांचे डायव्ह बहुतेक दहा मीटरच्या आत आणि थोडक्या वेळाचे असतात, त्यात भिजणं फारसं होत नाही. पण दोन-तीन दिवस खोल डायव्ह केले असतील तर शेवटचा दिवस मोकळा ठेवा. आम्ही गेल्या खेपेला मालवणात एक रात्र जास्त राहिलो. भाचीला सोमवारी ऑफिस होतं, ती निघायची घाई करत होती. बोटवाल्या काकांनी तिच्या मनगटाकडे बोट दाखवून विचारलं, "तो घड्याळ अजून विमानावर फुली दाखवता ना? मगे घाई कित्याक?"

आणि घरी आल्यावर पहिल्या दिवसा-दीड दिवसात खांदा ठणकायला लागला, बोटं बधिर झाली, अंगावर जाळीदार चट्टे उठले किंवा उगाच गळून गेल्यासारखं वाटलं, तर सामान उचलल्यामुळे असेल म्हणून बाम चोळत बसू नका. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिलं वाक्य हे सांगा की मी परवा अमुक मीटरवर स्कूबा केलंय. यावरचा पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, आणि पुढचा म्हणजे दाबाच्या चेंबरमध्ये पुन्हा दाबाखाली नेऊन हळूहळू बाहेर काढणं. नौदलाचं अश्विनी रुग्णालय मुंबईत कुलाब्याला आहे आणि या विषयातली नौदलाची संस्थाही तिथेच आहे. कॉम्प्युटरही बरोबर न्या. प्रत्येक डायव्हची खोली आणि वेळ त्यात नोंदलेली असते, आणि आपण गोंधळलेलो असताना ती तारीखवार बिनचूक सांगायचं काम तो आपल्यापेक्षा नीट करतो.